डोर्कसनं पुसलेले ठिपके

डोर्कस येर्किसला एका जागी बसवत नाही. क्वेकर या शांत ख्रिस्ती पंथाच्या बाईला हे शोभत नाही, असं तिचा भाऊ एमॉस म्हणतो, आणि त्याचं काही खोटं नाही. आमच्या प्लम रन शाळेत दर गुरुवारी सगळी शाळा प्रार्थनागृहातल्या लाकडी बाकांवर पाऊण तास गप्प बसते. पाद्री नाही, गाणं नाही. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर त्यानं उभं राहून सांगावं, नाहीतर गप्प राहावं. पहिलीतली पोरंसुद्धा शिकतात गप्प बसायला. डोर्कस मात्र मांडीवर बोटं नाचवत असते, मध्येच खिडकीकडे मान वळवते, उसासा सोडते. मी तिच्या शेजारी बसते, त्यामुळे माझीही शांतता गेल्यातच जमा आहे.

ऑक्टोबरमध्ये तर विचारूच नका. डोर्कसचं काम म्हणजे बारावीच्या मुलांनी कुठल्या कॉलेजांना अर्ज करावेत हे त्यांच्याबरोबर ठरवणं आणि मग त्यांच्यासाठी शिफारशीची पत्रं लिहिणं. एकेकाळी ती इथं जर्मन शिकवायची. जर्मन शिकायला कुणी येईना, तेव्हा शाळेनं तिला ही खुर्ची दिली. पालक तिला ग्रहासारखं मानतात, म्हणजे आधी शांत करायला बघतात आणि जमलं नाही की नावं ठेवतात. सप्टेंबरात तिच्या टेबलावर सफरचंदाचे केक येतात. एप्रिलमध्ये तेच पालक पार्किंगमध्ये ती दिसली की खाली वाकून गाडीत काहीतरी शोधायला लागतात.

आमच्याकडे अहो-जाहो नाही. जुन्या क्वेकरांनी न्यायाधीशालाही तू म्हटलं, त्याच्यापुढे टोपी काढली नाही आणि त्यापायी कोठडी पाहिली. त्यातलं आता एवढंच उरलंय की पहिलीतलं पोर मुख्याध्यापकाला 'ए वेंडेल' म्हणतं. आदरानं होतं ते फक्त फी भरणं. डोर्कस मात्र त्या जुन्यांपैकीच. घरी ती आणि एमॉस अजून आजोबांच्या वळणाचं बोलतात, आणि खोटं तिच्यानं बोलवत नाही. सभ्यपणासाठी बोलायचं असतं तेवढंसुद्धा नाही. माझे केस कसे दिसतात हे तिला विचारायचं मी कधीच सोडून दिलंय.

मुलांना समजावताना ती कॉलेजांच्या तीन जाती करते: लांबची, बेताची आणि हातची. लांबची म्हणजे नशिबाची. हातची म्हणजे काही झालं तरी मिळणारी. आणि बेताची म्हणजे तुझ्यासारख्या मुलांना जी बहुतेक वेळा घेतात. सगळा घोळ या मधल्या शब्दाचा. डोर्कसला तो शब्द फार आवडतो. अंगाला बरोबर बसणारं, असं काहीतरी ती त्यात ऐकते. पालकांना ती शिवी वाटते. एवढ्या शाळेत घातलं, खासगी शिकवण्या लावल्या, आणि पोर बेताच्या ठिकाणी जाणार?

लोवेल ब्रिंटनला तर ती शिवीच वाटली. लोवेल हा आमच्या गावातला दात सरळ करणारा डॉक्टर. शाळेतल्या निम्म्या मुलांच्या तोंडात त्याच्या तारा. वाकडं काही दिसलं की त्याचा हात शिवशिवतो. माणूस वाईट नाही. बायको गेली तेव्हा मुली लहान होत्या, आणि दोघींच्या वेण्या त्यानंच घातल्या. थोरली फीबी शाळेच्या वाद्यवृंदात 'बसून' नावाचं, जवळजवळ तिच्याएवढं उंच, फुंकायचं लाकडी वाद्य वाजवायची. ते खरोखरच बसून वाजवावं लागतं. ती उत्तरेकडच्या एका बड्या, जुन्या विद्यापीठात गेली आणि तेव्हापासून ब्रिंटनांच्या घरात त्या विद्यापीठाचं नाव कुणी घेत नाही. 'तिकडे वर' म्हणतात. धाकटी टॅमसिन गेल्या वर्षी बारावीत होती. मी दोघींना भूगर्भशास्त्र शिकवलं. फीबी मन लावून पाठ करायची. टॅमसिन तासाला आलेला दगड खिशात घालून घरी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी मलाच प्रश्न विचारून भंडावून सोडायची. मार्कांत तर ती बहिणीच्या पुष्कळ पुढं.

आता शब्द देण्याचा प्रकार सांगायला हवा. एक नोव्हेंबरला मुलं एका कॉलेजाला, एकाच, बांधील अर्ज करू शकतात. घेतलंत तर येणारच, असं लिहून द्यायचं आणि खाली मुलाची, पालकाची आणि डोर्कसची सही. असा शब्द मिळाला की कॉलेजंही हात जरा सैल सोडतात. पण तो देता येतो एकदाच. टॅमसिननं तो कुणाला द्यायचा, एवढाच सगळा प्रश्न होता. डोर्कसचं म्हणणं, ओहायोतल्या एका लहान, बेताच्या कॉलेजाला. दगडमातीचा अभ्यास तिथं फार चांगला, आणि शब्द दिला तर टॅमसिनला ते घेणारच. शब्द न देता साधा अर्ज केला तर मात्र अशी कॉलेजं बिचकतात. एवढी हुशार पोरगी आपल्याकडे कशाला येतेय, म्हणतात आणि ताटकळत ठेवतात. लोवेलचं म्हणणं, शब्द 'तिकडे वर' द्यायचा.

टॅमसिनची शिफारस मी लिहिणार होते म्हणून पहिल्या बैठकीला मलाही बोलावलं होतं. लोवेलनं डोर्कसच्या संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

"मिस येर्किस, हे बघा."

"डोर्कस म्हण."

"डोर्कस. हे बघा."

पडद्यावर आमच्या शाळेचा आलेख होता. आडवे शाळेतले मार्क, उभे प्रवेश परीक्षेतले. 'तिकडे वर' अर्ज केलेल्या आमच्या प्रत्येक जुन्या मुलाची त्यावर खूण असते: घेतलं असेल तर हिरवा ठिपका, नाकारलं असेल तर लाल फुली. नावं नसतात.

"ही फीबी," लोवेलनं बोट ठेवलं. "सगळ्यात खालचा हिरवा ठिपका. आणि टॅमसिन इथं येते, ही इथं, सगळ्या हिरव्यांच्या डोक्यावर! फीबी गेली तर ही का नाही जाणार? तुमच्याच भाषेत हे बेताचं झालं."

"नाही झालं. लांबचंच आहे."

"आलेख काय म्हणतो?"

"आलेख काही म्हणत नाही, लोवेल. नुसते ठिपके आहेत ते."

"मग शाळा ते आम्हाला दाखवते कशाला? सजावट म्हणून?"

डोर्कसनं पडदा परत स्वतःकडे वळवला. टॅमसिन दोघांच्या मधे बसून नखाच्या कडेची साल ओढत होती. "मला तिकडेच जायचंय," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाली. लोवेलनं हात पसरले, म्हणजे झालं की नाही.

ती दोघं गेल्यावर डोर्कस खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. "नेल," ती मला म्हणाली, "यातल्या एकेका ठिपक्याचा चेहरा मला पाठ आहे."

मला काय ते कळलं. त्या हिरव्या ठिपक्यांतला एक पोरगा नाव वल्हवायचा आणि तिकडच्या प्रशिक्षकाला तो हवा होता. एकाच्या आडनावाची तिकडे इमारतच उभी आहे. अजूनही कोणी होते, ते मला ठाऊक नाही आणि डोर्कस सांगणार नाही. मुलांच्या गोष्टी बाहेर काढायच्या नाहीत, हा तिच्या कामाचा नियम. म्हणजे लोवेलला खरं सांगता येत नव्हतं, आणि आलेखानं चालवलेलं खोटं सहन होत नव्हतं. अशा कात्रीत शहाणा माणूस गप्प बसतो. पण गप्प बसणं हेच तर हिला जमत नाही.

दुसऱ्या दिवशी मी चहा घ्यायला तिच्या खोलीत गेले तर ती पडद्यावरचे हिरवे ठिपके एकेक करून काढून टाकत होती.

"काय चाललंय?"

"खोटं पुसतेय."

"त्यात खोटं काय आहे? ती पोरं गेली ना तिकडे?"

"गेली. पण मार्कांवर नाही गेली. मग मार्कांच्या कागदावर त्यांचं काय काम?"

"वेंडेलला विचारलंस?"

"खरं करायला परवानगी कसली काढायची?"

मी चहा तिथंच ठेवून बाहेर पडले. तिच्याशी अशा वेळी वाद घालणं म्हणजे भिंतीला डोकं आपटणं. आणि आलेख तर खरंच खरा झाला होता. 'तिकडे वर'च्या कोपऱ्यात आता जवळजवळ सगळ्या लाल फुल्या होत्या.

फक्त एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. आमची शाळा एवढीशी, एकेका वर्षाची मुलं एका बसमध्ये मावतील. कुठला ठिपका कुणाचा हे ज्याच्या त्याच्या घरी माहीत असतं आणि शेजारीही अंदाज असतो. ठिपके होते तोवर त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. ते गेले आणि प्रत्येकाचं नाव उमटलं.

शुक्रवारी सकाळी फाटकाशी गरम प्रेट्झेल, म्हणजे खारट पावाचे वेढे, विकतात. मोहरी लावता लावता बायका फोनमधले जुने आणि नवे आलेख जुळवत होत्या.

"हा वल्हेवाला."

"हा इमारतवाला. याचं काय, सगळ्या गावाला ठाऊक होतं."

"आणि हा गं? हा तर ब्रिंटनांच्या फीबीचा! हिचं काय होतं?"

"कुणास ठाऊक बाई. काहीतरी असणार, उगाच कोण पुसतंय?"

फीबीचा ठिपका का गेला हे मलाही कळेना. तिच्या आडनावाची कुठं साधी पायरीसुद्धा नव्हती, आणि वल्हं तर तिनं आयुष्यात धरलं नव्हतं. दुपारपर्यंत लोवेलची तक्रार वेंडेलच्या टेबलावर होती. वेंडेल आम्हा दोघींसमोरच डोर्कसवर घसरला, म्हणजे एक मी आणि एक त्याची लेखनिक.

"परत लाव ते ठिपके."

"खोटं मी परत लावणार नाही."

"डोर्कस, फीबीनं काहीतरी लबाडी केली असं लोक बोलायला लागलेत."

"त्यांना सांग, नाही केली."

"मग काय केलं?"

डोर्कस गप्प.

"वा!" वेंडेल म्हणाला. "गुरुवारी पाऊण तास हे जमत नाही तुला. आज बरं जमतंय!"

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते मी पाहिलंय. तासाची घंटा झाली की ती उगाच दारात येऊन उभी राहायची, मग तळ्याकडे चालत जायची, मग अर्ध्यातून परत. दुपारचं सँडविच एक घास खाऊन टेबलावर पडलेलं असायचं. एकदा मला म्हणाली, "बाप एक चुकीचं समजत होता, नेल, ते दुरुस्त करायला गेले मी. आणि एका पोरीला गावभर उघडं पाडलं." तिचे डोळे भरून आले होते. मला तिचा राग येत होता आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. एक नोव्हेंबरची तारीख जवळ येत होती आणि टॅमसिनचा शब्द कुणाला जाणार हे ठरत नव्हतं. लोवेल 'तिकडे वर'शिवाय कशावर सही करणार नाही, म्हणत होता. बेताचं नाव काढलं तरी भडकत होता.

शेवटच्या आठवड्यात तो टॅमसिनला घेऊन आला. मी तिथंच होते. कोट न काढताच तो बसला.

"एकच विचारतो. माझी फीबी स्वतःच्या हुशारीवर गेली की नाही? हो म्हणा किंवा नाही म्हणा. नाही असेल तर मी मुकाट्यानं ओहायोवर सही करतो."

मला वाटलं, सुटलो. एक शब्द बोलली की टॅमसिनचं भलं झालं. पण डोर्कस म्हणाली, "ते मी फक्त फीबीला सांगेन. तिनं विचारलं तर."

"ठीक आहे." लोवेलनं फोन काढला, टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"बाबा, नको ना," टॅमसिन म्हणाली. तिचा चेहरा एकदम पांढरा पडला होता. पण तोवर फोन लागला होता.

"फीबी, मी शाळेत आहे. डोर्कस समोर आहे. विचार तिला तुझा ठिपका का पुसला ते."

पलीकडे कुणीतरी दार लावून घेतलं. मग फीबीचा आवाज आला, आठवत होता त्याहून बारीक. "डोर्कस? मला कुणीतरी पाठवलं होतं ते चित्र. का पुसलास?"

"इथं आम्ही चौघं आहोत, फीबी. नंतर तुला एकटीला सांगते."

"नको. आत्ताच सांग. असू देत सगळे."

डोर्कसनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. मी तिला इतकी स्थिर बसलेली कधी पाहिली नव्हती. "त्या वर्षी तिकडून मला फोन आला होता," ती म्हणाली. "त्यांच्या वाद्यवृंदातला 'बसून' वाजवणारा शिकून बाहेर पडणार होता. दुसरं कुणी नव्हतं. तुमची मुलगी नक्की येईल ना, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, येईल. तुझे मार्क चांगले होते. पण तेवढ्या मार्कांवर आमच्याकडचं दुसरं कुणीही तिकडे गेलेलं नाही."

"बसून?"

"हो."

फीबी हसायला लागली. "अगं, ते मी पहिल्याच हिवाळ्यात सोडलं! अभ्यास झेपेना म्हणून सोडलं. सगळ्यांना एकदा वाचून कळतं, मला चारदा वाचूनही नाही कळत. मला वाटायचं माझ्या डोक्याचंच काहीतरी बिघडलंय. आणि त्यांना नुसता तो भोंगा हवा होता!" हसता हसताच ती रडायला लागली. कधी ते आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही.

लोवेल फोनवर वाकला. "फीबी, तू तर मजेत आहे म्हणायचीस."

"तुला म्हणायचे, बाबा."

"रडू नकोस गं," टॅमसिन बापाच्या खांद्यावरून फोनला म्हणाली. "मी येतेय ना. हे एक वर्ष काढ, मग मी तिथंच असेन."

"टॅम, तू माझ्यासाठी नाही यायचंस इकडे. मी सांगितलंय तुला."

"तूच म्हणालीस ना, एकटीला जेवायला जाववत नाही म्हणून?"

लोवेल वळून धाकटीकडे बघत राहिला. "तुला हे माहीत होतं?"

"रोज बोलतो आम्ही."

"आणि म्हणून तुला तिकडे जायचं होतं?"

"मग काय, बाबा? त्या ठिपक्यांसाठी?"

"मला का नाही सांगितलंत?" तो कुणाला विचारत होता कळत नव्हतं. उत्तर फोनमधून आलं.

"तू पेशंटला खुर्चीत बसवतोस आणि तारा आवळता आवळता माझी गोष्ट सांगतोस, बाबा. फीबी तिकडे आहे, फीबीचं असं, फीबीचं तसं. त्यांचं तोंड उघडं असतं, कुणाला नाही म्हणता येत नाही. मलाही नाही म्हणता आलं."

लोवेलनं चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "आत्ता कुठं आहेस?" त्यानं विचारलं.

"खोलीवर."

"तिथंच थांब. निघालो मी."

ती दोघं गेली तेव्हा दुपारचे पेशंट त्याच्या दवाखान्यात ताटकळत बसलेले असणार. डोर्कस उठली नाही, येरझाऱ्याही घातल्या नाहीत.

"मी टॅमसिनला कितीदा समोर बसवलं, नेल," ती म्हणाली. "कुठं घेतील ते सांगितलं, कुठं घेणार नाहीत ते सांगितलं. का जायचंय, हे एकदाही विचारलं नाही. मी! आणि वर त्या बापाला खरं काय ते शिकवत होते."

तारखेच्या आदल्या दिवशी टॅमसिन एकटी आली. फीबी सुट्टी काढून घरी आली होती, काही महिने तरी राहणार होती. टॅमसिननं ओहायोचा अर्ज बापाची सही घेऊनच आणला होता. तो टेबलावर ठेवून ती म्हणाली, "घे. बाबा तयार झाला. आता तू सही कर."

"तुला जायचंय का ओहायोला?"

"तूच तर म्हणत होतीस."

"मी माझं म्हणत होते. तुला कुठं जायचंय, टॅमसिन?"

अवघड गणित विचारलं तर तिचं उत्तर आधीच तयार असतं. इथं तिला एक शब्द सुचेना. "फीबी घरी आहे आता," शेवटी ती म्हणाली. "मग मला... मला नाही माहीत." आणि ती घाबरली. खरंच घाबरली, मी दारातून पाहत होते.

"माहीत नसताना शब्द द्यायचा नसतो," डोर्कस म्हणाली आणि तो अर्ज तिला परत दिला.

मला हे अजिबात पटलं नाही. मी तोंडावर सांगितलं तिला, "पोरीच्या हातातलं कॉलेज घालवतेयस तू." ती म्हणाली, "हो, कदाचित." एक तारीख आली आणि गेली. लोवेलनं फोनसुद्धा केला नाही. वेंडेलनं तो आलेख सगळ्यांसाठीच बंद करून टाकला. टॅमसिननं जानेवारीत चारचौघांसारखे साधे अर्ज केले. 'तिकडे वर' केलाच नाही. मार्चअखेर ओहायोनं तिला ताटकळत ठेवलं, जागा उरली तर कळवू म्हणाले. अगदी डोर्कसनं सांगितलं होतं तसं.

ते घेऊन टॅमसिन आली तेव्हा मला डोर्कसकडे बघवेना. मनातल्या मनात मी दोघींवरही चिडले होते. दुसऱ्या दोन कॉलेजांनी तिला घेतलं होतं, चांगली होती ती, बेताचीच. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मी फेब्रुवारीत बाबाबरोबर ओहायोला जाऊन आले," ती डोर्कसला म्हणाली. "तुला सांगितलं नाही. दोन दिवस राहिले. मला तिथंच जायचंय. आता नक्की माहितीये मला, आणि आता ते घेत नाहीयेत. का जायचंय ते सांगू?"

डोर्कसनं खुर्ची तिच्याजवळ ओढली. "सांग," ती म्हणाली.